बोरॉनची खुंटी आखूडच राहील

रसायनाच्या बाई गेल्याचे शाळेत कळले तो मंगळवार होता. अकरावीची मुले प्रयोगशाळेत येऊन बसली होती. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "आज तास नाही. पहाटे दवाखान्यात बाई वारल्या." मुले बाकांवरून उठेनात. शिपायालाही काय करावे सुचेना. त्याने फडका घेतला आणि माझ्यावरची धूळ पुसली. सकाळी त्यानेच ती एकदा पुसली होती.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगाला ओळींनी भोके आहेत आणि त्यांत खुंट्या उभ्या आहेत. एक खुंटी म्हणजे एक मूलद्रव्य. अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला जी ऊर्जा लागते, तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. शंभर किलोज्यूलला एक सेंटिमीटर या हिशेबाने माझ्या खुंट्या कापल्या आहेत. हेलियमची खुंटी जवळजवळ चोवीस सेंटिमीटर आहे, कारण हेलियम आपला इलेक्ट्रॉन सोडता सोडत नाही. सोडिअमची जेमतेम पाच. तो देऊन मोकळा होतो.

मला बाईंच्या नवऱ्याने घडवले. ते सुतार. जिने करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बाईंनी त्यांना आकड्यांचा कागद दिला आणि त्या शाळेत गेल्या. दुसऱ्या ओळीत सुतार अडले. बेरिलियम नऊ आणि पुढे बोरॉन आठ. नायट्रोजन चौदा आणि पुढे ऑक्सिजन तेरा. त्यांना वाटले, बायकोने घाईत आकडे चुकवले. त्यांनी आपल्या मनाने बोरॉन दहाचा केला, ऑक्सिजन पंधराचा केला, सगळी ओळ छान चढती करून वर पॉलिश मारले.

संध्याकाळी बाईंनी मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय केलंत?"

"तू आकडे चुकवलेस. मी सांभाळून घेतलं."

"सांभाळलं नाहीत, बिघडवलंत. बोरॉन आखूडच आहे."

"अगं, मधेच पायरी खाली गेली तर माणूस तोंडावर आपटेल."

"अहो, इथे कोणी चढणार नाहीये. हा तुमचा जिना नव्हे."

मग त्यांनी कामाच्या बाकावर खिळे मांडले. "केंद्राभोवती इलेक्ट्रॉन कवचांत राहतात, आणि कवचाच्या आत उपकवचं असतात. दुसऱ्या कवचातलं पहिलं एस. त्यात दोनच इलेक्ट्रॉन मावतात. बेरिलियमचे दोघे बसले की ते भरलं. बोरॉनच्या तिसऱ्याला पी मध्ये जावं लागतं. ते केंद्रापासून जरा दूर, आणि एसमधले दोघे मधे आड येतात. म्हणून तो लवकर निघतो."

"आणि ऑक्सिजन?"

"पी मध्ये जागा तीन. नायट्रोजनचे तिघे एकेका जागेत ऐसपैस. ऑक्सिजनचा चौथा आला की त्याला कोणाच्या तरी जागेत कोंबावं लागतं. मग ते दोघे एकमेकांना ढकलतात."

"म्हणजे माझा भाऊ सुट्टीत राहायला येतो तसं."

"तसंच. फक्त इलेक्ट्रॉनला घालवायला कमी जोर लागतो."

सुतारांनी दोन्ही खुंट्या उपटून नव्या केल्या. तिसऱ्या ओळीत ॲल्युमिनिअम मॅग्नेशिअमपेक्षा आखूड निघाला, तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. फॉस्फरस आणि गंधक यांच्यात तर मिलिमीटरभराचाच फरक. तो त्यांनी पॉलिशच्या कागदाने घासून घासून आणला.

पुढे बारा वर्षे मी बाईंच्या टेबलावर उभी होते. दर वर्षी कोणीतरी म्हणायचे, "बाई, ही खुंटी तुटलीय." बाई म्हणायच्या, "हात लावून बघ, तुटली असेल तर टोक खरखरीत लागेल." मुले बोट फिरवायची. टोक गुळगुळीत असायचे. मग खरा तास सुरू व्हायचा. त्या बोटांनी बोरॉन आणि ऑक्सिजनचे पॉलिश उडाले. मला त्याचे वाईट वाटत नाही.

बाईंच्या जागी नवे सर आले. महिन्याने सुतार बाईंचा चष्मा आणि ॲप्रन न्यायला आले, तेव्हा सरांनी त्यांना माझ्याजवळ बोलावले.

"काका, एवढ्या तीन-चार खुंट्या जरा उंच करून द्या. सोमवारी तपासणी आहे. पुस्तकात लिहिलंय, डावीकडून उजवीकडे ही ऊर्जा वाढत जाते."

"सर्वसाधारणपणे वाढते."

"मुलं गोंधळतात हो. परीक्षेत एकच ओळ लिहायची असते."

"गोंधळू द्या. मीही गोंधळलो होतो."

"काका, तुम्ही सुतारकाम बघा. रसायन मी बघतो."

सुतारांनी ॲप्रनची घडी टेबलावर ठेवली. "मग पट्टी आणा. तुमच्याच पुस्तकाच्या मागे आकडे आहेत. एक खुंटी दोन मिलिमीटरने जरी चुकली असली, तर ही फळी मी चुलीत घालतो. नाहीतर तिला कोणी हात लावायचा नाही."

मित्रांनो, मी घाबरले नाही. मला माझी उंची ठाऊक होती.

सरांनी हायड्रोजनपासून जस्तापर्यंत एकेक खुंटी मोजली. फॉस्फरस आणि गंधक तर दोनदा मोजले. मग पट्टी खाली ठेवली.

"तपासणीवाल्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. रसायन तुम्ही बघता ना."

सर ओशाळून हसले. मी टेबलावरच राहिले.

मित्रांनो, मला काचेचे कपाट नको आणि नवे पॉलिशही नको. मला हात लावा. माझी खुंटी चुकली असे वाटले, तर आधी पट्टी आणा, आकडा बघा. केवळ दिसायला बरी दिसावी म्हणून मी चढती ओळ होणार नाही. एका बाईने मला खरी केली आहे, आणि ती नाही म्हणून मी खोटी होणार नाही.

चौथी ओळ गेल्या सुट्टीतली; तेव्हा मला घरी नेले होते आणि बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटॅशिअमपासून जस्तापर्यंतचे बारा आकडे त्यांनी पडल्या पडल्या सांगितले आणि सुतारांनी त्या बारा खुंट्या बसवल्या. पुढचे आकडे परवा सरांनी स्वतःच कागदावर उतरवून सुतारांना दिले. कागद त्यांच्याकडे आहे, लाकूडही आहे. पण त्यांनी अजून करवत हातात घेतलेली नाही. गॅलियमपासून क्रिप्टॉनपर्यंत माझी सहा भोके रिकामी आहेत.