सामानाच्या लिफ्टमधला शॉट

कॉलेजात तिला सगळे 'वन्समोअर' म्हणायचे. दिग्दर्शनाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि चांगला झालेला शॉटही पुन्हा एकदा घ्यायला लावायची. पदवीसाठी ती जी फिल्म करत होती तिची गोष्ट एवढीशीच होती: एक बाई लिफ्टमध्ये अडकते. त्या बाईच्या कामासाठी तिने मावशीला गळ घातली. मावशी शिवणकाम करायची, कॅमेऱ्यासमोर जन्मात उभी राहिली नव्हती. पण लहानपणी एकदा अडगळीच्या खोलीत कोंडली गेल्यापासून तिला बंद जागेची धास्ती होती. अजूनही ती बाथरूमची कडी लावायची नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, वन्समोअरलाही. म्हणूनच तर मावशी.

"दोन मिनिटांचं काम आहे. मी बाहेरच असेन."

"तू आहेस ना, मग झालं," मावशी म्हणाली.

शूटिंग सकाळी अकराला होतं, कॉलेजच्या मागच्या बाजूच्या सामानाच्या लिफ्टमध्ये. आत कोपऱ्यात छोटा कॅमेरा बसवला होता. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या थोडी खाली असतानाच लिफ्टमन बाहेरून वीज बंद करणार आणि शॉट झाला की चालू करणार, असं ठरलं. आतला दिवा वेगळ्या लाइनवर होता. वन्समोअर तिसऱ्या मजल्यावर मॉनिटरसमोर बसली, शेजारी वर्गातला कॅमेरावाला.

लिफ्ट थांबली. "कोणी आहे का बाहेर?" मावशी म्हणाली, शाळेच्या नाटकात म्हणतात तसं. दार वाजवलं. पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग तिचा श्वास मोठा येऊ लागला. भिंतीवरून हात फिरवत ती कडी शोधायला लागली. तिथे कडी नव्हतीच.

"काय काम करतायत तुझ्या मावशी," कॅमेरावाला कुजबुजला.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाळा, पुरे आता. उघड."

हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. 'कट' अगदी वन्समोअरच्या ओठांवर आला आणि तिने तो गिळला. जे तिला चार महिने कागदावर उतरवता येत नव्हतं, ते मावशीच्या चेहऱ्यावर आलं होतं. अजून थोडं. मॉनिटरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते आणि ती ते बघत होती.

"अगं, त्या खरंच घाबरल्यात," कॅमेरावाला म्हणाला.

"कट," वन्समोअर म्हणाली.

लिफ्टमनने भिंतीवरचा विजेचा खटका वर केला. काहीच झालं नाही. त्याने दोनदा खाली-वर करून पाहिला. "असं कधी करत नाही ही," तो म्हणाला आणि मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक वीस मिनिटांवर होता.

वन्समोअर धावत दाराशी गेली आणि फरशीवर पालथी पडली. खाली बोटभर फट होती.

"मावशी."

"हवा नाहीये इथे."

"आहे. माझा आवाज येतोय ना, तशीच हवाही येतेय. मावशी, शर्ट कसा बेततेस ते सांग मला. आधी काय?"

फटीतून तिच्या धापा ऐकू येत होत्या. मग, "आधी कापड भिजवायचं."

"मग?"

"वाळवायचं. इस्त्री." गळा झाला, खांदा झाला. बाहीपाशी मावशी थांबली.

"मग, मावशी?"

आतून आता श्वासही ऐकू येईना. वन्समोअर दारावर मुठी आपटत हाका मारत राहिली. मेकॅनिकने येऊन वरून लिफ्टचं चाक हाताने फिरवायला घेतलं तरी ती दारापासून हटेना, कॅमेरावाल्याने तिला दंडाला धरून बाजूला केलं.

दार उघडलं. मावशी कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. वन्समोअरने हात पुढे केला, तो न घेता ती लिफ्टमनच्या आधाराने बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शनाच्या सरांनी शॉट पाहिला. "हीच तुझी फिल्म. याला हात लावू नकोस."

ती तडक मावशीकडे गेली. मावशी मशीनवर बसली होती.

"तू 'पुरे' म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं."

मशीन थांबलं. "किती वेळ थांबलीस?"

"बेचाळीस सेकंद."

"मला वाटत होतं, तुला ऐकूच जात नसेल," मावशी म्हणाली. "तेवढाच धीर होता."

वन्समोअरने लॅपटॉप उघडला, शॉटची एकच प्रत त्यात होती. तिने तो शॉट मावशीसमोरच पुसून टाकला. मावशीने तिकडे पाहिलं नाही.

आठवड्याने मावशीचा फोन आला. "पुन्हा शूटिंगला येते मी. पण दार उघडं राहील आणि कट मी म्हणणार."

पहिल्यांदा ती चार सेकंदांत कट म्हणाली, दुसऱ्यांदा सात. दोन्ही वेळा वन्समोअर लिफ्टच्या उंबऱ्यात दार धरून उभी होती. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस तिला झालं नाही. फिल्ममध्ये ते सात सेकंद आहेत. सर म्हणाले, नेमकी तिथेच फिल्म पडते.