सोबतीला

धुण्यात सासूच्या पदराला रक्त दिसलं, तरी रंजनाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर धोंडीबाईने खोकल्याचा दोष चुलीच्या धुराला देऊन विषय संपवला असता.

"उद्या जव्हारला जायचंय, आई," नागलीची भाकरी थापताना रंजना म्हणाली. "जीपमधी एकटीला बरं नाय वाटत."

"लहान पोर हाय का तू?" धोंडीबाई हसली आणि खोकली. "येते सोबतीला."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"हिचं काम हाय. मी नुसती आलेय."

डॉक्टर रंजनाकडे पाहत राहिले. आता आडून बोलून भागणार नव्हतं.

"यांच्या खोकल्यातून रक्त पडतं," ती म्हणाली.

धोंडीबाईने मान खाली घातली. ती हळू आवाजात म्हणाली, "पावसाळ्यापासून."