कंडरा मोजणाऱ्या ठोकळ्याचा संशय

मी एक जुना ठोकळा आहे. पोलादाचा, अंगभर लहानमोठी गोल भोकं असलेला. मित्रांनो, हसू नका. रत्नागिरीतल्या एका छोट्या इस्पितळात गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट नव्याने बांधतात. त्यासाठी मांडीमागच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, काढून दुमडतात. ती जुडी माझ्या ज्या भोकातून घट्ट जाते, तेवढी तिची जाडी. आठ मिलिमीटरच्या खाली भरली की डॉक्टरांचा चेहरा उतरतो. बारीक जुडी पुन्हा तुटायची भीती जास्त.

कुठल्याशा कारखान्यात मला भोकं पाडली. तेव्हापासून दर खेपेला वाफेत शिजवून घेतात. इतकं शिजूनही मी नरम पडलो नाही. संशयी मात्र झालो. पूर्वी माझाच शब्द पहिला आणि शेवटचा. मग डॉक्टर ऋजुता आल्या. त्या उंची, वजन, मांडीचा घेर बघून जाडी आधीच वर्तवतात. बहुतेकदा बरोबर येते, हेच मला संशयास्पद वाटतं.

परवा नाटे गावचा सुजय टेबलावर होता. कबड्डीपटू. अंदाज निघाला होता सातचा, म्हणून दुसऱ्या, धडधाकट पायातूनही एक कंडरा काढायची ठरली होती. सुजयचा जीव त्या पायात अडकलेला. चढाईत तो त्याच पायावर उडी घेई.

भूल द्यायला आलेल्या डॉक्टर दत्तात्रेयांनी विचारलं, "वजन किती रे?"

"पंचावन्नच्या आत."

"आत म्हणजे किती आत?"

सुजयने आवाज खाली आणला. "सर, तुमी पंच नाय ना?"

"नाही बाबा."

"मग बासष्ट."

ऋजुतामॅडम गर्रकन वळल्या. "अरे, मला चोपन्न सांगितलंस की!"

"पंचावन्न किलोच्या गटात खेळतो ना, मॅडम. कोणी इचारलं की तोंडातून तेच येतं."

दुखऱ्या पायाने काट्यावर उभं राहता येईना, म्हणून मॅडमनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. विश्वास! आमच्या पोलादात ही वस्तू मिसळत नाहीत.

"वजन जास्त, तर जुडीही जाड निघू शकते. आधी ह्याच पायाच्या काढू," मॅडम म्हणाल्या. "ठोकळ्यातून घालू. मग दुसऱ्याचं बघू."

कमरेखाली बधिर झालेला सुजय पडद्याआड जागाच होता. जुडी नऊच्या भोकातून सैल गेली. आठातून घट्ट गेली. साडेसातात अडली. भोकात काही चिकटून तर नाही ना, असा मला माझाच संशय आला. कुसुम सिस्टरनाही आला असावा. त्यांनी मला धुतलं आणि पुन्हा ओढून पाहिलं. अडलीच.

"मॅडम, दुसरा पाय?" पडद्याआडून आवाज आला.

"तुझा तुला राहू दे."

तो हसला की रडला, पडद्यामुळे दिसलं नाही. मला दोन्हींचा संशय आहे.

मला घासूनपुसून ठेवा, एवढंच इस्पितळवाल्यांकडे मागणं. मित्रांनो, तुमच्याकडे वेगळं. गुडघे सांभाळा, आणि डॉक्टरांपुढे वजन चोरू नका. खोटं मी पकडतो खरा, पण माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर सुरी चाललेली असते.