मशीनला अहिराणी येत नाही

योगेंद्रची मतं फुकट असत, आणि फुकट मिळालेली वस्तू मेहरूणमध्ये कुणी परत करत नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं काम तो जळगावात, मेहरूणमधल्या घरी बसून करायचा. दिवसभर हेडफोन लावून साहेबांचं ऐकायचं आणि संध्याकाळी तोताराम आबांच्या पिठाच्या गिरणीवर येऊन त्याची भरपाई करायची, असा त्याचा व्यवहार. इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? "बॅटरीत दम नाही, थांबा." निवडणुकीत कोण येईल? "डेटा बघा, भावना नको." कुठला डेटा, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि गिरणीच्या घरघरीत कुणी विचारलं नाही. युद्ध असो, सोनं असो, केळीचा विमा असो, एकाचं दळण होईपर्यंत जगाचा निकाल लागलेला असायचा.

आबांना त्याचं भारी कौतुक. अमळनेरकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाच्या गिरणीवर रोज एक इंजिनियर बसतो, ही काही लहान गोष्ट नव्हती. आबांना लाज होती ती एकाच गोष्टीची, आपल्या बोलीची. डिंपलचं लग्न धुळ्याच्या शिकलेल्या घरात ठरलं, तेव्हा त्यांनी लेकीकडून घोकून घेतलं होतं, "शे नाही, आहे म्हणायचं. बठ्ठा नाही, सगळा. चार लोकांत तर अहिराणी तोंडातून निघालीच नाही पाहिजे." डिंपल हुशार. लगेच शिकली. आबा ते सगळ्यांना सांगायचे.

एकदा योगेंद्रने गिरणीवर जाहीर केलं होतं, "एआयला सगळ्या भाषा येतात आबा. मराठी येते, गुजराथी येते. तुमची अहिराणी तेवढी येत नाही. नेटवर मजकूरच नाही ना." आबा हसले होते, पण त्यांना ते थोडं लागलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी आसोद्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. आबा होते, त्यांची बायको रत्नाअक्का होती, योगेंद्र होता आणि शेजारचा रमजान होता. रमजान शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो; रविवारी व्हॅन रिकामी, म्हणून सगळे तिच्यातूनच आलेले. अक्का लाकडी काठवटीत भरीत ठेचत होत्या, शेंगदाणे नि कांद्याची पात घालत होत्या. योगेंद्र कळण्याची भाकरी मोडत मोबाईलवरच्या फसवणुकींवर बोलत होता. "आता आवाज चोरतात. तुमच्या पोराचा आवाज काढून पैसे मागतात. माणूस फसतो कारण माणूस भावनेवर चालतो."

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. योगेंद्रने आपणहून बोट पुढे करून स्पीकर लावला.

"आबा, मी डिंपल. माझा फोन ह्यांनी काढून घेतलाय. मी धुळ्याच्या स्टँडवर आहे. मला न्यायला या. आत्ता या. आणि ह्यांना सांगू नका."

आबांच्या हातातला घास तिथेच राहिला.

"बघा," योगेंद्र म्हणाला, आणि त्याचा चेहरा परीक्षेत पाठ केलेला प्रश्न आल्यासारखा उजळला. "अनोळखी नंबर, घाई, कुणाला सांगू नका. तिन्ही लक्षणं. आबा, हे क्लोन आहे."

"आवाज तर तिचाच—"

"आवाजच चोरतात! थांबा, अहिराणीत विचारा. मशीनला येत नाही."

आबांनी योगेंद्रकडे पाहिलं, मग फोनकडे. घसा खाकरून म्हणाले, "पोरी, आज काय खादं तू?"

पलीकडे स्टँडचा गलका होता. गाड्यांची नावं पुकारली जात होती. मग आवाज आला, अगदी जपून, "आबा, तुमच्याजवळ कोण बसलंय? मी काही खाल्लेलं नाही. तुम्ही या ना."

"खाल्लेलं नाही!" योगेंद्रने मांडीवर थाप मारली. "पुस्तकातलं मराठी. आपल्या बापाशी असं कोण बोलतं?" आणि त्याने फोन कापला, नंबर ब्लॉकही करून दिला. सेवा पूर्ण.

अक्का म्हणाल्या, "तिना फोन लावा." हे योगेंद्रलाही पटलं. डिंपलच्या नंबरावर फोन लावला तो जावयांनी उचलला. आवाज गोड. "झोपलीय हो ती. उठवू का?" आबांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि धोंडा उतरलेल्या माणसाचं तोंड सैल सुटतं. "नको, नको. कोणीतरी गंमत केली. तिचा आवाज काढून सांगतंय, धुळ्याच्या स्टँडवर बसलीय म्हणून!" दोघे सासरा-जावई मनमोकळे हसले. जावई थोडे आधी थांबले.

योगेंद्रने तिथेच मेहरूणच्या ग्रुपवर टाकलं: 'सावध राहा. आपल्या तोताराम आबांना आज लेकीच्या नकली आवाजात फोन आला. अहिराणी टेस्टमुळे वाचले.' अंगठे येऊ लागले. कुणीतरी लिहिलं, 'योगेंद्र भाऊ म्हणजे योगेंद्र भाऊ.' त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि भरीत पुन्हा वाढून घेतलं.

अक्का जेवल्या नाहीत. बाकीच्यांची बोटं चाटून होईपर्यंत त्या चुलीतल्या राखेकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "रमजानभाऊ, तुना फोन दे. तोच नंबर लाव."

"अक्का, उगाच कशाला—" योगेंद्र म्हणाला.

रमजानने लावला.

"कौन?" एका बाईचा आवाज. ती नाजमीन, स्टँडबाहेर बांगड्या विकणारी. रमजानने डिंपलचं नाव घेताच ती कडाडली. "अब फोन कर रहे हो? मेरेच मोबाईल से बात की थी उसने. बेचारी बैठी थी, बोली अब्बा आएंगे. कुछ देर में उसका आदमी आ गया, मोटरसायकिल पे. बोला, तेरे बापनेच बताया तू इधर है. चुपचाप बैठ गई उसके पीछे."

रमजानने फोन खाली ठेवला. हे सगळं स्पीकरवर होतं, सवय लागलेली. आबांनी ऐकलं, योगेंद्रने ऐकलं. अक्का उठल्या, उरलेलं भरीत नि भाकरी डब्यात भरली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. योगेंद्र म्हणाला, "मी रिक्षाने घरी जातो, मला एक कॉल आहे." अक्कांनी नुसतं शेजारच्या सीटकडे बोट केलं. तो बसला. शाळेच्या पोरांची सीट, गुडघे छातीशी आलेले.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आबा एकदा सवयीने म्हणाले, "योगेंद्र, काय वाटतं तुला, जावई काय म्हणतील?" योगेंद्र खिडकीकडे वळला. बाहेर कपाशीच्या उपटलेल्या काड्यांचे भारे होते. त्याच्याकडे मत नव्हतं.

धुळ्याला जावयांनीच दार उघडलं. "या ना आबा! बरं झालं तुम्ही फोन केलात. ही रागात जाऊन बसली होती स्टँडवर. तुमच्यामुळे लगेच सापडली. चहा टाकायला सांगतो."

आभार मानत होते ते. आबा चपला काढता काढता तसेच वाकून राहिले.

डिंपल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डावा हात पदराखाली. कपड्यांची बॅग भिंतीशी तशीच, न उघडलेली. आबा सरळ झाले, आणि त्या शिकलेल्या घरात, सगळ्यांसमोर म्हणाले, "चाल पोरी. घर चाल."

डिंपलने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशी बूट हातात घेऊन उभ्या असलेल्या योगेंद्रकडे. फोनवर मागून येणारा आवाज कुणाचा, ते तिला कळलं असावं.

"मला ती भाषा येत नाही, आबा," ती म्हणाली. "मशीनला येत नाही."

योगेंद्रने बूट खाली ठेवले.

"उद्या मीच आणून सोडतो ना तिला," जावई म्हणाले. "लोक काय म्हणतील, असं अर्ध्या चहातून—"

अक्कांनी बॅग उचलली. दुसऱ्या हाताने लेकीचा उजवा हात धरला. बाहेर रमजानने व्हॅन चालू केली आणि शाळेची पोरं गोळा करताना वाजवतो तसा हॉर्न लांब वाजवला. शेजारपाजारची दारं उघडली. जावई हसत हसत मागे सरकले. चार लोकांत त्यांनाही जपायचं होतं.

व्हॅनमध्ये डिंपल आईजवळ बसली. आबा पुढे, रमजानच्या शेजारी. धुळं मागे पडलं. मग डिंपल हळूच म्हणाली, "माय, माले भूक लागनी."

अक्कांनी डबा उघडला. भरिताचा धुरकट वास व्हॅनभर पसरला. पुढच्या सीटवर आबांनी तोंडावर उपरणं घेतलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिने ते त्यांना सांगितलंच नव्हतं.

मागच्या सीटवर योगेंद्रचा फोन अजून टुणटुण करत होता. अंगठे चालूच.

"काय शे ते?" अक्कांनी विचारलं.

"ते... ग्रुपवरचं. मी काढून टाकतो, अक्का. आत्ता काढतो."

"पुसू नको. खाले लिख. ती मनी पोर व्हती."

त्याने लिहायला घेतलं. 'एक छोटा गैरसमज' असं लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक चूक' लिहिलं. डिंपल त्याच्या पुढच्याच सीटवर जेवत होती, डाव्या हाताला धक्का न लागू देता. त्याने तेही खोडलं. पारोळ्याच्या अलीकडे त्याने ते पाठवलं: 'तो आवाज खरा होता. ती डिंपलच होती. फोन मी कापला.'

अंगठे थांबले. जळगाव येईपर्यंत योगेंद्र तरीही दर वळणावर फोन उघडून बघत होता.