माझ्या छतात अडकलेली आई

हो, मीच बोलतोय. भोंग्यांकडे बघू नका, त्यांतून आजवर माझा एक शब्दही बाहेर पडलेला नाही. तिथून बोलतात ते निवेदक, गायक, पुढारी आणि मूल हरवलेले बाप. तुम्ही ज्याच्या खुर्च्यांवर बसून पॉपकॉर्न सांडता, ते इनडोअर स्टेडियम म्हणजे मी.

माझा जन्म शहराच्या ऐन मध्यावर झाला. एका बाजूला बँक, दुसरीकडे कचेऱ्या, पाठीला बस डेपो. अंग मोकळं करायला इंचभर जागा नाही. बांधणाऱ्यांनी मला एका कामाला जुंपलं नाही, सगळ्याच कामांना जुंपलं. लाकडी फळ्या अंथरल्या की मी मैदान, काळं कापड टाकलं की रंगमंच, बाकडी मांडली की परीक्षेचा हॉल. आज तुला काय व्हायचंय बाबा, असं कुणी विचारत नाही.

माणसं मात्र गमतीची. मागच्या रांगेतले पुढे यायला धडपडतात आणि पुढचे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. हरलेला संघ आधी माझ्या दिव्यांना नावं ठेवतो, मग पंचांना. हे सगळं मला पाठ झालंय. एक दिवस मात्र माझ्या मनातून जात नाही.

माझ्या छताखाली लोखंडी जाळीची एक अरुंद वाट आहे. दिवे, भोंगे, साखळ्या तिथूनच टांगतात. खालून ती कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे चढणाऱ्यांत एक बाई आहे. शिडीवर अशी सरसर चढते की सगळे तिला खारूताई म्हणतात. वर जायचं तर खिसे रिकामे करावे लागतात, मोबाइलसुद्धा खाली पेटीत ठेवायचा, कारण वरून पडलेलं नाणंही डोकं फोडतं. पाना मनगटाला दोरीने बांधायचा. आणि शिडीच्या दाराशी खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. बिल्ला आहे म्हणजे माणूस वर आहे. सगळे बिल्ले उतरले की मुकादम वर हाक मारून खात्री करतो, दाराला कुलूप घालतो, मगच सामना सुरू होतो. त्यानंतर वर काही वाजलं, तर खेळ थांबवून सगळं रिकामं करायचं, असा नियम.

खारूताईची लेक व्हॉलीबॉल खेळते. माझ्याच फळ्यांवर ती मोठी झाली. तिचे सामने आईने पाहिले ते असेच, वरून, काम करता करता. लेकीचं एकच गाऱ्हाणं. "सगळ्यांच्या आया समोर बसतात गं. तू एकदा तरी खाली बस ना."

स्पर्धेच्या शेवटच्या सामन्याला आई हो म्हणाली. त्या दिवशी लांबच्या शहरातल्या मोठ्या क्लबची माणसं खेळाडू निवडायला आली होती. निवड झाली तर लेक तिकडेच राहायला जाणार होती. खारूताईने रजा टाकली, इस्त्रीचे कपडे घातले, पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. आणि सवयीने वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी टांगलेली, जड साखळीने भरलेली पिशवी बरोबर नेटच्या वर लोंबत होती आणि तिचं तोंड सुटलं होतं; साखळी निसटली तर थेट खेळणाऱ्यांच्या डोक्यावर. कुणाला शोधून समजावत बसण्यापेक्षा आपणच बांधून येऊ, असं म्हणून ती उठली. बिल्ला अडकवला, पाना मनगटाला बांधला, वर गेली, पिशवीचं तोंड आवळलं.

तेवढ्यात मुकादम दाराशी आला. तिची रजा त्यानेच मंजूर केलेली. बिल्ला बघून त्याला हसू आलं. "वेंधळी कुठली. लेकीच्या गडबडीत कालचा बिल्ला इथेच विसरली." त्याने कौतुकाने बिल्ला खिशात टाकला आणि हाक न मारताच कुलूप घातलं.

खारूताई उतरली तर दार बंद. तिने थापा मारल्या, पण पलीकडे ढोल वाजत होते. ती पुन्हा वर आली, तोवर खाली खेळ सुरू झाला होता. तिने पाना उचलला आणि माझ्या पाइपाला टेकवला. एक दणका दिला असता तरी ती सुटली असती. पण सामना थांबला असता, क्लबची माणसं उठून गेली असती. दोन गुण होईपर्यंत पाना माझ्या पाइपाला टेकलेलाच होता. तिने पाना खाली घेतला आणि जाळीवर पालथी पडून ती बघत राहिली.

लेक दर सर्व्हिसच्या आधी त्या खुर्चीकडे बघायची. रुमाल तसाच. मला इतकं असह्य झालं म्हणून सांगू. एवढे दिवे माझ्या अंगावर, पण त्यातला एकसुद्धा माझ्या मनाने लुकलुकत नाही. लेक चिडून खेळली आणि जिंकली. क्लबच्या माणसांनी तिथेच तिचा हात हातात घेतला.

मुकादमाने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू वर होतीस?"

"काका, कुणाला काही बोलू नका."

"असं कसं? चूक माझी आहे. मी साहेबांना सांगतो."

"नोकरी जाईल तुमची. गप्प बसा."

एवढ्यात लेक दाराबाहेरच्या बोळात आली. "रुमाल तेवढा पाठवलास," ती म्हणाली.

मुकादमाने तोंड उघडलं, पण आई त्याच्या आधी बोलली. "काम निघालं गं." लेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला ठाऊक होतं. खरं कळतं तर ती तशीच साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

"आजसुद्धा?"

"आजसुद्धा."

लेकीने रुमाल आईच्या हातात कोंबला आणि वळली.

आता तिचा फोन येतो तो खुशालीपुरता. खारूताई त्याच बोळात उभी राहून बोलते. जेवलीस का, झोप होते का, बरं ठेवते. मुकादम निवृत्त झाला, मध्ये येऊन म्हणाला, आता तरी सांग पोरीला. ती म्हणाली, "आता सांगून काय, सबब वाटेल." आणि शिडी चढून गेली. तिचं तोंड तिने बांधून घेतलंय, माझं तर मुळातच नाही. आम्ही दोघं एकाच छताखाली कोंडलेले.

या रविवारी लेकीचा क्लब माझ्याकडे खेळायला येतोय. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर माझं एक काम करा. उंच, सावळी मुलगी आहे, पाहुण्यांच्या बाकावर असेल. तिला गाठा आणि सांगा, त्या दिवशी तुझी आई अख्खा सामना तुझ्या डोक्यावर होती, आणि तुझा खेळ थांबू नये म्हणून तिने हूं की चूं केलं नाही. तुम्ही परके आहात, तुमचं बोलणं तिला सबब वाटणार नाही.

फक्त वेळेवर गाठा. सामना संपला की त्यांची बस लगेच निघते.