इंजीनबुवाचा डावा कौल

ढोकीच्या बाजारतळावर त्या दिवशी मुंगीला शिरायला वाट नव्हती. मांडवात चौरंग, चौरंगावर गोल रूळ आणि रुळावर वीतभर लांबीचं पितळी इंजीन. आग नाही, कोळसा नाही, पाण्याचा थेंब नाही, तरी गडी आपला फिरतोय. उजवीकडं फिरला की देवाचा होकार, डावीकडं फिरला की नकार. देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावायची चाल गावोगाव आहेच. इंजीनबुवांनी पाकळ्यांना सुट्टी देऊन थेट रेल्वेच आणली होती.

"वाफंला आग लागती, भक्तांनो, भक्तीला लागत न्हाय," बुवा मांडी घालून सांगत होते. "हाय का कुणी पैलवान? चाक फिरवून दावा. आत देव बसलाय. त्याची मर्जी न्हाय तर चाक फिरायचं न्हाय."

एक दांडगा गडी पुढं झाला. त्यानं रेटलं तसं इंजीन रुळावरून फरफटत गेलं, पण चाकं जागची फिरली नाहीत. मांडवानं हात जोडले.

सगळ्यांत आधी जोडले ते बलभीमनं. तो साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. आगीशिवाय वाफ नाही आणि वाफेशिवाय इंजीन नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणूनच तो फसला. बॉयलरमधलं काही न कळणारा एखादा म्हणाला असता, खेळणं असेल. जाणत्या बलभीमला मात्र त्यात साक्षात देव दिसला.

त्याच्या धाकट्या भावाची बायको सोनाली शाळेत विज्ञान शिकवायची. ती मागं जीव मुठीत धरून उभी होती. बलभीमच्या लेकीला, लहानग्या गायत्रीला, रोज इन्सुलिनची सुई लागे. सुई चालू ठेवू का, असं त्यानं मागच्या बैठकीत विचारलं आणि इंजीन डावीकडं गेलं. गायत्रीच्या आईनं, सत्यभामानं, औषधाच्या बाटल्या बुवांच्या पायाशी वाहिल्या. तेव्हापासून पोर तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, सारखी मोरीकडं धावत होती. आज सकाळपासून तर ग्लानीतच पडली होती.

"भाऊजी, पाया पडते, दवाखान्यात नेऊ," सोनालीनं सकाळी विनवलं होतं.

"कौल मोडला तर पोरीवरच उलटंल. आज परत इचारतो."

नवी बाटली आणून गुपचूप सुई द्यावी, तर सत्यभामा आतून कडी लावून पोरीच्या उशाशी बसलेली. आता कौलच मोडायचा, दुसरा इलाज नव्हता.

बलभीमची पाळी आली. "बुवा, पोरगी डोळं उघडंना. दवाखान्यात न्यावी का?"

बुवांनी डोळे मिटले, गुडघा हळूच खाली टेकवला. इंजीन डावीकडं निघालं. सोनाली गर्दी सारत पुढं आली आणि तिनं कमरेची किल्ली दोन्ही रुळांवर आडवी ठेवली. इंजीन जागच्या जागी थांबलं.

"बाई, देव कोपंल," बुवा गुरगुरले.

"किल्लीनं अडतो तो कसला देव?" सोनालीनं इंजीन उचललं आणि वरचं पितळी टोपण उचकटून बलभीमसमोर धरलं. "भाऊजी, ही बघा मोटार, बोराएवढी. हिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे आहेत आणि ते आसाच्या दातेरी चाकात बसलेत. आटे चाकाला फिरवतात, पण चाकाला आटे फिरवता येत नाहीत. पैलवान त्याच्यापायी हरला. वीज रुळातून येते. किल्लीनं दोन्ही रूळ जोडले की ती मधूनच परतते, गाडीला मिळत नाही. उलटी सोडली की गाडी उलटी पळते."

तिनं बुवांच्या गुडघ्याखालची चटई ओढली. खाली दोन बटणं आणि वायर.

आता लोक पेटून उठतील असं तिला वाटलं होतं. "देव मोटारीतबी असतो," बुवा शांतपणे म्हणाले, आणि निम्म्या मांडवानं माना डोलावल्या. एक म्हातारी तर तिलाच हात जोडून म्हणाली, "कशाला देवाची खोडी काढती, बाई?" सोनालीला रडू फुटलं.

बलभीम मात्र त्या दातांकडं बघत राहिला. असली चाकं तो रोज कारखान्यात बघायचा. "गुडघ्यानं?" एवढंच पुटपुटला आणि घराकडं धावत सुटला.

धाराशिवच्या दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. फार उशीर केलात, म्हणत डॉक्टर आत गेले. सत्यभामा भिंतीला टेकून बसली होती.

"सोनाली, उठंल का गं पोर? व्हय का न्हाय, येवढंच सांग."

"मला ठाऊक नाही, भाऊजी. डॉक्टरांनाही आत्ताच सांगता येत नाही."

"बुवा तर लगीच सांगायचा," बलभीम म्हणाला.

खरं उत्तर यायला वेळ लागतो आणि तो वेळ माणसाला सोसवत नाही, म्हणून असले मांडव भरतात. नारळ फोडा, नवस बोला, तुमचं तुम्ही बघा. पण चालू औषध बंद करायचं का, हे ते देणाऱ्या डॉक्टरालाच विचारा, आणि वेळेवर विचारा. उशीर झाल्यावर शहाण्यालाही नुसतं बसून राहावं लागतं.

काचेपलीकडं गायत्रीचे डोळे मिटलेलेच होते.