दुपट्याला साखर

“तुमच्या सासूबाई दोन महिने इन्सुलिन न्यायला आल्या नाहीत,” असं औषधवाल्याने सांगितलं, तेव्हा सुनेने ते हसण्यावारी नेलं होतं. दुसऱ्या दुकानातून आणत असतील. आज सकाळी फ्रीजमध्ये दुधामागे जुन्या तीन बाटल्या सापडल्या. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

तासाभरात ती बाळाला कडेवर घेऊन सासूबाई हल्ली उपचाराला जायच्या त्या गॅल्व्हनबाबाच्या हॉलमध्ये पोचली. पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई सगळ्यांत पुढे बसलेल्या, ओठ सुकलेले, पाण्याची दुसरी बाटली संपत आलेली.

“गॅल्व्हानिक म्हणजे देहात कोंडलेली प्राणवीज,” बाबा सांगत होता. “आजार असला की या यंत्राची सुई चढणार!”

त्याने सासूबाईंच्या तळव्यांवर ‘शक्तिजल’ शिंपडलं, एका हातात तांब्याची नळी दिली, दुसऱ्यात जस्ताची. नळ्यांना तारांनी जोडलेल्या भिंतीवरच्या यंत्राची सुई टुणकन उडाली. मग काहीतरी पुटपुटत त्याने त्यांचे हात खसाखसा पुसले आणि पुन्हा नळ्या दिल्या. सुई आडवी.

“गेली साखर. टोचून घेणं बंद ते बंदच.”

‘गॅल्व्हानिक’ हा शब्द सुनेने कॉलेजच्या जर्नलमध्ये स्वतः लिहिला होता: दोन वेगळे धातू, मध्ये खारट किंवा आंबट ओल, आणि रासायनिक क्रियेतून निघणारी वीज. ती पुढे गेली. शक्तिजलात बोट बुडवून चाटलं. मिठाचं पाणी.

बाळ सासूबाईंकडे द्यायला गेली, तर त्यांना ते पेलवेना. तिने ते शेजारी बसलेल्या बाईंकडे दिलं, पिशवीतलं धुतलेलं दुपटं काढून त्याच पाण्यात भिजवलं आणि दोन्ही नळ्या त्यावर वेगवेगळ्या टेकवल्या.

सुई उडाली.

“दुपट्यालाही साखर आहे का हो बाबा?” मागून कुणीतरी विचारलं.

“बाळाचा दोष उतरलाय त्यात!”

“मग ही बसायची सतरंजी बघू,” सून म्हणाली. तिने कोपरा भिजवला. सुई पुन्हा वर. कोरड्या भागावर ढिम्म.



“म्हणजे माझी साखर?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“अंगातच आहे, आई. चला दवाखान्यात.”

तिथल्या यंत्रावर आकडाच उमटला नाही. साखर त्याच्या मोजमापापलीकडे गेली होती. “उद्या आणलं असतं तर काही सांगता आलं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाई वाचल्या.

शब्द पुस्तकातला होता, म्हणून लोक फसले. जड शब्द ऐकला की त्याचा अर्थ विचारा, आणि अशा बाबाचं यंत्र दिसलं की ते एखाद्या ओल्या फडक्यावर लावून बघा. आणि तुमच्या घरात कुणी “मी आता ठणठणीत आहे” म्हणत असेल, तर त्यांच्या औषधाची बाटली हातात घेऊन बघा, उघडली आहे का. आजच बघा.